लंकाबाईच्या खात्याची नक्कल

"तुमचं कर्ज होणार नाही, बाई," असं म्हणून काकासाहेब कारकुनानं अर्ज खिडकीतून परत सरकवला. "यादीत नाव आहे तुमचं."

"कसल्या यादीत?" लंकाबाईनं विचारलं.

"थकबाकीच्या."

लंकाबाईला हसूच आलं. तिसगावच्या सरकारी दवाखान्यात ती आया होती. पहाटे उठून पहिल्या एस.टी.नं नगरला आली होती, ते कर्मचाऱ्यांच्या या पतपेढीतून जन्मात पहिल्यांदा कर्ज काढायला. पोरीचं, चांगुणाचं, नर्सच्या ट्रेनिंगला नाव लागलं होतं. अनामत भरायची होती, पांढरी लुगडी घ्यायची होती, पत्र्याची पेटी घ्यायची होती.

"आवो दादा, मी कर्जच कदी काढलं न्हाई," ती म्हणाली. "आज काढाया आले, तर तुमी म्हनता आधीच थकलं!"

"तुम्ही नसेल काढलं. पण ज्याला जामीन राहिलात, त्यानं काढलं ना? तो थकला म्हणजे तुम्हीही थकलात."

"मी कुनाला जामीन? मी तर कुनालाच न्हाई."

काकासाहेबानं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. मागं रांग वाढत होती. कोणीतरी 'आटपा की' म्हणून ओरडलंही. पण हा माणूस खेकसणाऱ्यांतला नव्हता. त्यानं यादी फिरवून तिच्यापुढं धरली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. स्वतःचं नाव तेवढं लंकाबाईला वाचता येत होतं. ते तिथं होतं.

"माझ्याकडं नुसती यादी येते," तो म्हणाला. "कुणाला जामीन, कधी, ते कागद सचिवांच्या कपाटात. ते आहेत बाहेरगावी. पण तुम्ही असं करा, बाई. तुम्ही सभासद आहात. आपल्या नावावर इथं काय काय लिहून ठेवलंय, त्याची नक्कल मागायचा तुम्हाला हक्क आहे. लेखी अर्ज करायचा, नकलेची फी भरायची. महिन्याच्या आत शिक्क्यानिशी कागद घरी येतो. कायदाच आहे तसा. कोणी मागायला येत नाही, ही गोष्ट वेगळी."

"अर्ज कोन लिहिनार?"

"आहे का गावात कोणी लिहिणारं?"

"हाय की," लंकाबाई म्हणाली. "आमचे कंपाउंडर हायेत."

परतीच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. करंजीचा घाट संपला तशी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांची रांग लागली. पाऊस नव्हताच गेल्या साली. बाया-माणसं, म्हातारीकोतारी, सगळी डोक्यावर फडकी टाकून हातोडे चालवत होती. त्यांच्यातच पुढं कुठंतरी तिची चांगुणाही होती. अकरावी पास झालेली पोर, ट्रेनिंग सुरू होईपर्यंत घरात बसून काय करू, म्हणून कामावर जायला लागली होती.

लंकाबाई सारखी आठवून पाहत होती. कुणी कधी कागदावर सही घेतली का? पगारपत्रकावर ती सही करायची, तेवढीच. तीही राधाकृष्ण कंपाउंडरनं शिकवलेली.

राधाकृष्ण आणि लंकाबाई एकाच साली त्या दवाखान्यात लागले. डॉक्टर येत, वर्ष-सहा महिने काढत आणि बदली करून घेऊन जात. ही दोघं मात्र तिथंच राहिली. तो नेवाशाकडचा, पोटी मूलबाळ नसलेला, सावकाश बोलणारा माणूस. लंकाबाई त्याला भाऊ म्हणायची. विहिरीच्या कामावर सुरुंग उडून तिचा नवरा गेला, तेव्हा चांगुणा रांगत होती. सरकारी मदतीसाठी तालुक्याला खेटे घातले ते भाऊनं. दुपारी रोगी नसले की औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर निळ्या पेन्सिलीनं तिला नाव गिरवायला शिकवलं तेही त्यानंच. "अंगठा कशाला लावता, लंकाबाई? धडधाकट हात आहे," म्हणाला होता. आणि त्याची बायको झुंबरबाई छातीच्या दुखण्यानं नगरच्या इस्पितळात पडली, तेव्हा त्याच्या घरची चूल लंकाबाईनंच सांभाळली होती. झुंबरबाई वाचली नाही. तेव्हापासून दुपारचा चहा तो लंकाबाईच्या हातचा पीत असे.

ती दवाखान्यात शिरली तेव्हा तो टेबलाशी उभा राहून औषधाच्या बाटल्यांना डोसाच्या कागदी खुणा चिकटवत होता.

"काय झालं कर्जाचं?" मान वर न करता त्यानं विचारलं.

"काय व्हायचंय? मी म्हनं थकलेली जामीनदार हाय. आता बोला! कुनाला जामीन ते त्यास्नी म्हाईत न्हाई, आन मला बी न्हाई."

राधाकृष्णाच्या हातातला कागद बाटलीला वाकडा चिकटला. त्यानं तो नखानं काढला, पुन्हा लावला.

"मग?"

"खिडकीतला बाबा बरा हुता. म्हनला, नक्कल मागा. आपल्या नावावर काय लिवलंय ते मागायचा हक्क असतोय म्हनं. तुमी तेवढा अर्ज लिहून द्या, भाऊ."

बाहेर ओट्यावर दोन म्हाताऱ्या खोकत बसल्या होत्या. त्यांना गोळ्या देऊन त्यानं वाटेला लावलं, हात धुतले, पुसले, मग पुन्हा धुतले. लंकाबाईला वाटलं, उकडत असेल.

"हक्क असतो," तो शेवटी म्हणाला. "खरं आहे त्याचं. सभासदाला नाही म्हणता येत नाही."

मग तो खुर्चीवर बसला आणि त्यानं अर्ज लिहायला घेतला. त्याचं अक्षर फार सुंदर होतं. लंकाबाई शेजारी उभी राहून पाहत होती. शेवटी त्यानं वाचून दाखवलं: माझ्या नावे असलेल्या सर्व नोंदींची आणि ज्या कर्जरोख्यावर जामीनदार म्हणून माझे नाव आहे, त्याची खरी नक्कल मुदतीत मिळावी.

"रोख्याची बी लिवली?" तिनं विचारलं.

"नुसत्या नोंदीवरून कळत नाही. रोख्यात सगळं असतं. करा सही."

तिनं सही केली. तो स्वतः उन्हातून टपालात गेला. फीची मनीऑर्डरही त्यानंच केली, आणि तिनं पैसे पुढं केले तेव्हा घेतले नाहीत.

त्यानंतर तो गप्प गप्पच असायचा. चहा अर्धा कपात ठेवायचा. लंकाबाईनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "झुंबरची आठवण येते." तिनं पुन्हा विचारलं नाही.

पाकीट आलं ते बाजाराच्या आदल्या दिवशी. दवाखान्याचं टपाल राधाकृष्णच घ्यायचा. त्यानं ते पाकीट न फोडता आणून ड्रेसिंगच्या खोलीत तिच्यापुढं धरलं.

"तुमचं टपाल."

लंकाबाई कापसाचे बोळे करत होती. घरी चांगुणा होती वाचायला. पण सरकारी कागद ती भाऊकडूनच वाचून घ्यायची. पोरीला अक्षरं कळत, भाऊला अर्थ कळायचा.

"वाचा की मग," ती म्हणाली.

"चांगुणाकडून घ्या वाचून."

"ती दिस मावळता येनार. तवर मला दम निघायचा न्हाई. फोडा, भाऊ."

त्यानं पाकिटाची कड कात्रीनं कापली. कागद उलगडला. चष्मा पुसला. आणि नेहमीच्याच सावकाश, स्वच्छ आवाजात तो वाचू लागला. आधी पतपेढीचं नाव, मग तिचं नाव, सभासद झाल्याची तारीख. मग, स्वतःचे कर्ज, निरंक. मग, जामीनदारी, एक.

"कुनाची?" लंकाबाई पुढं वाकली.

"कर्जदार," त्यानं वाचलं, आणि पुढचं स्वतःचं पूर्ण नाव वाचलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. "हुद्दा, कंपाउंडर. दवाखाना, तिसगाव. कारण, पत्नीचे आजारपण. जामीनदाराची सही समक्ष झाली असे. बिनपगारी रजेमुळे हप्ते थकीत. जामीनदारास नोटिसा रवाना. खरी नक्कल."

त्यानं कागदाची घडी जशी होती तशी घातली आणि टेबलावर ठेवला.

लंकाबाईला आधी काही कळलंच नाही. तिला वाटलं, पतपेढीनं पुन्हा काही घोटाळा केला. भाऊचं नाव चुकून लिहिलं. ती तसं बोलणारही होती. पण त्यानं मान खाली घातली होती, आणि ती वर येत नव्हती.

"सही मी केली," तो म्हणाला. "तुमची."

तेवढ्यात बाहेर गलका झाला. खडीच्या कामावरची एक बाई दोघींनी धरून आणली होती. हातोडा बोटांवर बसला होता, लुगड्याचा पदर रक्तानं भिजला होता. डॉक्टर पाथर्डीला मीटिंगला गेलेले. दोघं उठली. लंकाबाईनं पाणी आणलं, ट्रे धरला. त्यानं जखम धुतली. तो हात पुढं करायचा आणि जे हवं ते तिच्याकडून त्या हातात यायचं; इतक्या वर्षांत त्याला मागावं लागलं नव्हतं, तसं आजही लागलं नाही. चिमटा, कापूस, पट्टी. बाई विव्हळत होती. "झालं, माय, झालं," लंकाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, आणि आपला आवाज आपल्यालाच परका लागतोय, असं तिला वाटलं.

त्या बाया गेल्यावर तिनं फरशीवरचं रक्त पुसलं. फडकं पिळता पिळता ती म्हणाली, "मला इचारलं असतं, तर मी दिली असती की सही."

"ठाऊक होतं."

"मग?"

त्यानं ट्रेमधला चिमटा उचलून पाण्यात टाकला.

"मग का न्हाई इचारलं, भाऊ? झुंबरबाईसाठी मी न्हाई म्हनले असते व्हय? त्या मला काय परक्या हुत्या?"

"त्या दिवशी इस्पितळातनं परस्पर पतपेढीत गेलो. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. तिथं म्हणाले, जामीनदाराची सही आणा, कमिटी आजच बसतेय. इथं यायचं आणि परत जायचं, एवढा वेळ नव्हता. बाहेर ओट्यावर बसून केली. तुमचं अक्षर मीच तर घडवलेलं." तो थांबला. "आल्यावर सांगणार होतो. मग ती गेली. मग सांगायचं राहिलं. मग राहतच गेलं."

"आन नोटिसा?"

"दोन आल्या. टपाल मीच घेतो ना."

हे मात्र लंकाबाईला लागलं. सही एक वेळची होती, घाईतली, झुंबरबाईच्या जिवासाठी केलेली. पण नोटिसा आल्या, त्या त्यानं खिशात घातल्या आणि त्या दिवशीही दुपारी तिच्या हातचा चहा प्याला.

"आन अर्ज तुमीच लिवला," ती म्हणाली. "रोख्याची नक्कल बी तुमीच मागवलीत. तवा तरी बोलायचं."

"तोंडानं सांगायचा धीर झाला नाही, लंकाबाई. म्हटलं, कागद सांगेल."

संध्याकाळी ती घरी निघाली, तेव्हा त्यानं आणखी एक कागद तिच्या हातात दिला. हाही त्याच्या सुंदर अक्षरात होता. सदर कर्जरोख्यावरील सही माझी नाही, ती कर्जदाराने माझ्या संमतीवाचून केलेली आहे, तरी माझे नाव कमी करून चौकशी व्हावी.

"याच्यावर सही करा आणि पतपेढीत द्या. नाव निघेल यादीतनं. चांगुणाच्या ट्रेनिंगचं काम होऊन जाईल."

"तुमचं काय व्हईल?"

"ते व्हायचं ते होईल."

"नोकरी जाईल ना?"

"सही करा," तो म्हणाला. "पोरीचं बघा."

चांगुणानं दिव्याच्या उजेडात दोन्ही कागद वाचले. लहानपणी तापात ती कंपाउंडर मामाच्या मांडीवर झोपलेली पोर. ती रडली नाही, संतापली.

"आई, सही कर."

"त्यांची भाकरी जाईल, बाळे."

"आन माझी? यंदा नाव कटलं तर पुढच्या साली कोन घेनार मला? मामांनी केलं ते मी भोगायचं का?" तिनं तळहात पुढं केले. हातोड्यानं आलेले फोड फुटून तिथं काळपट घट्टे धरायला लागले होते. "मी ह्या हातांनी जन्मभर खडीच फोडू?"

लंकाबाईनं तिचे हात आपल्या हातात घेतले. खोबरेल लावलं. मनात तिनं सगळ्या बाजूंनी तोलून पाहिलं. आपलं नाव तसंच राहू दिलं, तर भाऊचे हप्ते आपल्या पगारातनं जातील. पोट मारून तेही भरता येतील. पण मग भाऊच्या तोंडाकडं रोज बघायचं, आणि पोरीच्या तोंडाकडंही. खोटं लिहिलेलं खरं म्हणून चालू द्यायचं. आपलं नाव लिहायला शिकले ती काय ह्याच्यासाठी?

सकाळी तिनं सही केली आणि नगरची गाडी धरली.

काकासाहेबानं कागद वाचला. मग दार उघडून तिला आत बोलावलं, बाकावर बसवलं.

"बाई, हे दिलं की परत मिळत नाही. चौकशी लागते. तुम्ही आणि ते एकाच दवाखान्यात ना?"

"व्हय."

"त्यांना ठाऊक आहे, तुम्ही हे देताय?"

"त्यांनीच लिवून दिलंय," लंकाबाई म्हणाली.

काकासाहेबानं तो कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यानं शिक्का मारला, पोच लिहून दिली आणि चपराशाला पाणी आणायला सांगितलं.

पुढचं लांबलं नाही, कारण राधाकृष्णानं काहीच नाकारलं नाही. चौकशीला आलेल्या साहेबापुढं तो उभा राहिला आणि विचारलं तेवढं सांगितलं. साहेबानं लंकाबाईला विचारलं, "याआधी कधी यांनी फसवलं होतं?" ती म्हणाली, "न्हाई. याआधी बी न्हाई, आन नंतर बी न्हाई." साहेबानं ते लिहून घेतलं की नाही, तिला कळलं नाही. राधाकृष्णाला निलंबित केलं, आणि दिवाळीच्या सुमाराला काढूनच टाकलं.

तो गाव सोडून गेला त्या दिवशी दवाखान्यात लशीचं काम होतं. पोरं रडत होती, त्यांच्या आया ओरडत होत्या. लंकाबाईला मान वर करायला फुरसत नव्हती; किंवा तिनं ती होऊ दिली नाही. मान वर केली तेव्हा त्याच्या खोलीला कुलूप होतं. नंतर कितीतरी दिवस लोक बाटल्या घेऊन यायचे आणि विचारायचे, "कंपाउंडर कुटं गेले वो?" ती सांगायची, "गावाला गेल्यात." का गेले ते गावाला कळायचं ते कळलंच होतं. काही जण तिच्याकडं चांगल्या नजरेनं पाहत, काही जण नाही. नवा कंपाउंडर आला तो चहा पीत नव्हता.

चांगुणाचं काम मात्र झालं. कर्ज मिळालं, अनामत भरली, पेटी घेतली. पोर नगरला राहायला गेली. लंकाबाई जमेल तसं रविवारी तिला भेटून यायची.

असाच एक रविवार. परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली होती. करंजीच्या थांब्यावर गाडी उभी राहिली, ड्रायव्हर उतरून चहाला गेला. रस्त्यापलीकडं एका खासगी डॉक्टरची पाटी लागली होती, आणि त्या पाटीखाली राधाकृष्ण उभा होता. डोक्याचे केस सगळे पांढरे झालेले. सदरा मात्र स्वच्छ धुतलेला. त्यानंही तिला पाहिलं. क्षणभर तो तसाच थांबला. मग रस्ता ओलांडून आला आणि खिडकीच्या गजाला हात लावून उभा राहिला.

लंकाबाईनं मांडीवरची पिशवी सावरली.

"चांगुणा कशी आहे?" त्यानं विचारलं.

"बरी हाय. आता सुई द्याया शिकली."

"हात कापतो का तिचा?"

"आधी कापायचा. आता न्हाई."

"मग झालं," तो म्हणाला. "मग होईल चांगली."

पलीकडून, दवाखान्यातून कोणीतरी त्याला हाक मारली. त्यानं मान वळवून 'आलो' म्हटलं, पण हलला नाही. लंकाबाईला विचारायचं होतं, इथं जेवायचं काय करता? कुणी करून घालतं का? शब्द तोंडाशी आले. तेवढ्यात ड्रायव्हर चढला, कंडक्टरनं घंटी ओढली. गाडीला हिसका बसला आणि गज त्याच्या हातातून निसटला.

तिनं खिडकीतून मागं वाकून पाहिलं. धुरळ्यात तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, आणि त्याचा हात अजून तसाच वर होता, गजाच्या उंचीवर, काहीतरी धरल्यासारखा.